यादीत नसलेला गोलघुमट

"इब्राहिम रोजा, मग मलिक-ए-मैदान तोफ, मग उपली बुरूज, मग बारा कमान," अण्णांनी कॅलेंडरच्या पानामागं लिहिलेली यादी वाचून दाखवली. "आणि पाचच्या गाडीनं सोलापूरला परत."

"आणि गोलघुमट?" आत्यानं विचारलं.

"गोलघुमट नाही."

"विजापूरला जायचं आणि गोलघुमट बघायचा नाही? दादा, लोक वेड्यात काढतील."

"काढू देत. तिथं वर नेऊन काय करतात माहीत आहे ना? भिंतीला कान लावायला सांगतात."

आत्या हसायची थांबली. दोघांनीही माझ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मी खिडकीबाहेर बघत असल्याचं दाखवलं. गाडी रखडत चालली होती.

सातव्या वर्षी मला विषमज्वर झाला, त्यात माझा डावा कान गेला. उजवा शाबूत होता. घरात कुणाला त्याचं काही वाटत नसे, कारण घरातली माणसं आपोआप उजवीकडून बोलत. पण चोविसाव्या वर्षापर्यंत माझी दोन स्थळं मोडली होती. पहिला मुलगा माझ्या डावीकडं बसला आणि त्यानं हळू आवाजात तीनदा नाव विचारलं. मी पोह्यांच्या बशीकडं बघत राहिले. "मुलगी गर्विष्ठ दिसते, कळवतो," म्हणून ते उठले. दुसऱ्या स्थळाच्या मामांच्या ध्यानात सगळं आलं. ते जोडे घालताना अंगणातच म्हणाले, "बहिरी मुलगी दाखवायची होती तर आधी सांगायचं." तेवढं मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

म्हणून तिसऱ्या वेळी अण्णांनी ही युक्ती काढली. विजापूरच्या गलगलींना त्यांनी मध्यस्थाकरवी कळवलं की दाखवण्याचा कार्यक्रम वगैरे नको, आम्ही सहज विजापूर बघायला येतो, तुम्ही गाव दाखवा, त्यात मुलंही एकमेकांना बघतील. गलगलींना ही कल्पना फार पुढारलेली वाटली. अण्णांचा हिशेब वेगळाच होता. पाटावर बसलेल्या मुलीला हलता येत नाही. हिंडताना माणूस बाजू बदलू शकतो.

"मुलगा कायम तुझ्या उजवीकडं," गाडीत त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. "डावीकडं आत्या राहील. आणि आवाज सांभाळ."

ते आवाजाचं खरंच होतं. एका कानाच्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतोय याचा अंदाज राहत नाही. माझा आवाज चढला की आत्यानं पदर सारखा करायचा, अशी खूण ठरली होती. आई गेल्यापासून माझं सगळं आत्यानंच केलं होतं. या खुणेवर मी शाळा, कॉलेज आणि सगळ्यांची लग्नकार्यं पार पाडली होती.

"आणि लग्नानंतर कळलं तर?" मी विचारलं.

"लग्नानंतर कळलं तर चालतं," अण्णा म्हणाले. ते वाईट नव्हते. दोनदा अंगणापर्यंत पाहुण्यांना सोडायला जाऊन आल्यावर माणूस असा होतो. मलाही त्या दिवशी नवरा हवा होता की नाही कोण जाणे, पण 'कळवतो' हा शब्द पुन्हा ऐकायचा नव्हता एवढं नक्की.

विजापूर जवळ आलं तसा दूरवर गोलघुमट दिसू लागला. स्टेशनात गाडी थांबली तर तो समोरच उभा. अण्णांनी यादी खिशात घातली आणि त्याच्याकडं पाठ केली.

गलगलींकडून दोघंच आले होते, मुलगा राघवेंद्र आणि त्याची आई. वडील नव्हते. आईला तो 'अव्वा' म्हणायचा. किरकोळ बांध्याच्या, घट्ट नेसलेल्या, बोलायला तिखट अशा बाई होत्या. मुलगा बँकेत होता. त्याचा फोटो आम्ही पाहिला होता, स्टुडिओत एका बाजूनं काढलेला, कुठंतरी लांब बघत असलेला. त्यावरून माझ्या मैत्रिणींनी मला आठवडाभर चिडवलं होतं, की तुझा हिरो काही कॅमेऱ्याकडं बघेना.

तो का बघत नव्हता ते प्लॅटफॉर्मवर कळलं. त्याच्या डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा व्रण होता. कातडी सायीसारखी चुरगळलेली. लहानपणी उकळतं दूध अंगावर सांडलं होतं, हे मला नंतर समजलं. आत्यानं माझ्या उजव्या कानाशी येऊन म्हटलं, "हे फोटोत नव्हतं."

मला वाटलं, आता अण्णा मोकळेपणानं सांगून टाकतील. अण्णा टांगा ठरवता ठरवता मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांचं दिसतंय. आपलं दिसत नाही. मग आपण कशाला सांगायचं?"

टांग्यात राघवेंद्र पुढं टांगेवाल्याजवळ बसला, त्यामुळं तिथं निभावलं. इब्राहिम रोज्याला उतरलो आणि खरी कसरत सुरू झाली.

तो माझ्या डावीकडं येऊन चालायला लागला. मी चप्पल नीट करायला थांबले आणि पलीकडून गेले. दहा पावलांनंतर तो मनोरे दाखवायला पुढं झाला आणि फिरून पुन्हा डावीकडं आला. मी कमानीवरची नक्षी बघायला वळले आणि परत जागा बदलली. पुन्हा तो इकडं, पुन्हा मी तिकडं. मला वाटलं, यानं ओळखलं. हा मुद्दाम डावीकडं येऊन माझी परीक्षा घेतोय. मनोऱ्यांबद्दल तो फार छान सांगत होता, हे मला आत्याच्या चेहऱ्यावरून कळलं. माझ्यापर्यंत अर्धंच येत होतं.

अव्वांनी जेवण आणलं होतं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही, गुळाची पोळी. चौथऱ्याच्या सावलीच्या कडेला आम्ही ओळीनं बसलो. राघवेंद्र पटकन माझ्या डावीकडं बसला. आत्या पाणी भरायला गेली होती.

"ऊन लागतंय," मी म्हणाले, उठले, आणि त्याच्या पलीकडं जाऊन बसले.

अव्वांनी भाकरी मोडता मोडता माझ्याकडं पाहिलं. "सावलीतनं उठून उन्हात बसलीस की गं."

मी खाली पाहिलं. खरंच, माझ्या मांडीवर फेब्रुवारीचं रणरणतं ऊन होतं. राघवेंद्र माझ्याकडं बघत होता, व्रणाची बाजू माझ्याकडं करून, घास हातात तसाच धरून. मग त्यानं आपली टोपी काढून माझ्यापुढं ठेवली. मी ती डोक्यावर घेतली नाही, मांडीवर ठेवली. पण त्या क्षणापासून मला भीती वाटायची ती दुप्पट वाटायला लागली, कारण आता हा मुलगा मला आवडला होता.

तोफेकडं जाताना रस्त्यात सायकलची घंटा वाजली. मला कुठलाही आवाज उजवीकडूनच येतो. म्हणून मी डावीकडं सरकले, थेट सायकलच्या पुढ्यात. राघवेंद्रनं दंडाला धरून मला ओढलं. सायकलवाला शिव्या देत गेला.

"एवढी घंटा वाजली की," अव्वा म्हणाल्या.

"तिचं लक्ष तोफेकडं होतं," आत्या घाईघाईनं म्हणाली.

"तोफ अजून दिसायची आहे, बाई."

वर बुरुजावर गेल्यावर राघवेंद्रनं त्या प्रचंड तोफेवर हाताच्या बोटांनी टिचकी मारून नाद ऐकवला. मग म्हणाला, "हात लावून मनातलं मागितलं की मिळतं म्हणतात. मी लहानपणापासून मागतोय."

"मिळालं का?" मी विचारलं.

"अजून नाही. पण तोफेचं वय बघता तिला वेळ द्यायला पाहिजे."

मी हसले, बहुतेक मोठ्यानं, कारण आत्यानं पदर सारखा केला. मग कुणाचं लक्ष नाहीसं बघून मी तोफेवर हात ठेवला. उन्हातही ती गार होती. काय मागावं तेच सुचेना. कान मागावा की माणूस मागावा, असा घोळ झाला आणि तेवढ्यात अण्णांनी हाक मारली.

बारा कमानीला पोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. त्या अर्धवट राहिलेल्या काळ्या कमानींखाली अण्णांनी घड्याळ बघितलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "झालं सगळं बघून. आता स्टेशनवर जाऊन बसू."

"आणि गोलघुमट?" अव्वांनी विचारलं.

"तो स्टेशनवरून दिसला की."

"दिसला म्हणजे बघितला होय? आमच्या गावी येऊन गोलघुमट न बघता गेलात तर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"जिने फार आहेत. आमच्या बहिणीचे, शांताचे गुडघे..."

"गुडघे त्यांचे आहेत. मुलीचे तर चांगले आहेत ना?" अव्वा म्हणाल्या. दिवसभराचा संशय त्या एका वाक्यात होता. अण्णांना 'हो' म्हणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

आत्या खाली पायरीवर बसली. मी वळून पाहिलं तर ती दोन्ही हातांनी पदर धरून बसली होती.

जिना अरुंद, गोल गोल वर जाणारा. अव्वा वयाच्या मानानं तुरुतुरु चढल्या, अण्णा धापा टाकत मागून. वर घुमटाच्या आत, भिंतीला लागून, गोल सज्जा आहे. कठड्यावरून खाली बघितलं तर माणसं मुंग्यांएवढी. एका शाळेची सहल आली होती आणि चाळीस-पन्नास पोरं एकदम ओरडत होती. प्रत्येक ओरडणं घुमटात फिरून पुन्हा पुन्हा येत होतं. माझ्यासारखीला तो गोंगाट म्हणजे नुसती गरगर. मी भिंतीला हात लावून उभी राहिले.

राघवेंद्र तिथल्या रखवालदाराशी काहीतरी बोलला. रखवालदारानं पोरांना भिंतीकडेला बसवलं आणि दरडावलं, "आता सगळे गप्प. इथं कुजबुजलेलं पलीकडं कसं ऐकू जातं ते दाखवतो. आणि मोठ्यानं बोललं तर आवाज किती वेळा येतो ते मोजा." सगळा सज्जा चिडीचूप झाला.

"तुम्ही इथं बसा," राघवेंद्र मला म्हणाला. "भिंतीला कान लावा. मी समोर जातो."

तो निघाला. अण्णा माझ्या बाजूला वाकून काहीतरी कळवळून सांगायला लागले. घाईत ते डावीकडून बोलत होते. सतरा वर्षांत पहिल्यांदा ते विसरले. मला एक अक्षर कळलं नाही. मी उजवा कान भिंतीला लावला आणि सगळं जग बंद झालं. दगड गार होता. माझ्याच छातीचे ठोके त्यात ऐकू येत होते. पलीकडं, सव्वाशे फुटांवर, राघवेंद्र एवढासा दिसत होता. तो भिंतीकडं तोंड करून बसला.

आता ऐकू आलं नाही तर संपलं, मी मनात म्हटलं.

"ऐकू येतंय?"

आवाज इतका जवळून आला की मी दचकले. भिंतीच्या आतून कुणी बोलावं तसा. सकाळपासून त्याचं एवढं स्वच्छ बोलणं मी ऐकलंच नव्हतं.

"हो," मी पुटपुटले.

"समोरासमोर मला बोलता आलं नसतं, म्हणून इथं आणलं. तुमच्या आधी चार मुली बघितल्या. प्रत्येक वेळी मी माझी बरी बाजू तिच्याकडं येईल असा बसायचो. अव्वानं तसं शिकवलंय. फोटोही त्याच बाजूनं काढला. आज सकाळपासून तुम्हालाही मी त्याच बाजूला ठेवायला बघत होतो."

तो थांबला. भिंतीतून त्याचा श्वास ऐकू येत होता.

"पण तुम्ही दर वेळी उठून व्रणाच्या बाजूला आलात. उन्हात बसलात, पण त्याच बाजूला बसलात. मला ते समजलं. लपवायचं कारण नाही, असं न बोलता सांगत होता तुम्ही. आजवर कुणी असं केलं नव्हतं. माझा होकार आहे. अव्वाला मी सांभाळीन. तुमचं काय ते सांगा."

मी भिंतीपासून कान काढला. अण्णा माझ्या पुढ्यात येऊन बसले होते. माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांना अंदाज आला असावा. त्यांचे ओठ मला वाचता येत होते. "हो म्हण," ते म्हणत होते. "हो म्हण."

एका शब्दाचं काम होतं. गोलघुमटानं उलटं मला तारलं होतं. पण मला त्या दिवशी जितकी स्वतःची लाज वाटली तितकी त्या अंगणातल्या मामांच्या बोलण्यानंही वाटली नव्हती. हा माणूस उद्यापासून रोज तो गाल माझ्याकडं करून बसणार, आणि मनात म्हणणार की हिनं मला पदरात घेतलं. आणि मी रोज ते ऐकून घेणार. मी त्याच्या गालाकडं धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी भिंतीशी तोंड नेलं. आवाज शक्य तितका बारीक केला. निदान मला तसं वाटलं.

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. म्हणून मी त्या बाजूला येत होते. तुमच्यासाठी नव्हते येत."

मी मान वळवली तोच ते सगळं परत आलं. वरून, समोरून, खालून. माझाच आवाज, माझंच वाक्य, एकदा, दोनदा, तीनदा. सज्ज्यात पोरं होती, त्यांचे गुरुजी होते, कठड्याशी अव्वा उभ्या होत्या, खाली कुठंतरी आत्या होती. सगळ्यांना सगळं ऐकू गेलं. पोरं मोजायला लागली. "पाच... सहा... सात..." माझ्या बहिरेपणाचे आकडे पोरं मोठ्यानं मोजत होती आणि मी भिंतीला टेकून बसले होते. नवानंतर ते थांबलं.

अण्णा खालीच बसून राहिले. अव्वा चालत आल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"हे आधी सांगायला पाहिजे होतं."

"होय," अण्णा म्हणाले.

"आम्हाला फसवायला आलात."

"होय."

अव्वा आणखी काही बोलणार होत्या, पण राघवेंद्र येत होता. अर्ध्या सज्ज्याचा वळसा घालून यायचं म्हणजे वेळ लागतो. पोरं त्याच्या गालाकडं बघत होती. तो कुणाकडंच बघत नव्हता. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता, आणि तो मी पाडला होता.

"म्हणजे माझ्यासाठी नव्हतं," तो म्हणाला.

"नाही."

"मग व्रण दिसला नाही का?"

"दिसला. सकाळी स्टेशनवर दिसला." मला रडू यायला लागलं होतं, पण खोटं बोलायचा आता कंटाळा आला होता. "नंतर दिवसभर कान सांभाळायच्या नादात तुमच्या गालाकडं बघायचं राहूनच गेलं."

त्याचा हात आपोआप गालाकडं गेला आणि मध्येच थांबला. पुढं चाळीस वर्षांत मी त्याला पुष्कळ गोष्टी सांगितल्या, पण त्याला त्याहून बरं वाटेल असं मला पुन्हा काही बोलता आलं नाही. त्या वेळी मात्र मला वाटलं, मी त्याच्या जखमेवर मीठच चोळलं.

"राघू, चल," अव्वा म्हणाल्या. "त्यांची गाडी चुकेल."

आम्ही उतरायला निघालो. सवयीनं तो माझ्या डावीकडं आला. दोन पावलं चालला, थांबला, आणि माझ्यामागून फिरून उजवीकडं आला. गालाकडं गेलेला हात त्यानं खाली घेतला होता.

स्टेशनवर पाचच्या गाडीला गर्दी होती. आत्यानं खिडकीजवळ जागा धरली. अण्णा दारात उभे होते, आणि कुठला शब्द येणार ते त्यांना माहीत होतं. त्या एका शब्दाची वाट बघत त्यांनी हात जोडले. "येतो," ते म्हणाले. "आमचं चुकलं, ते मनात ठेवू नका."

"फोटो आम्हीही एकाच बाजूनं काढून पाठवला होता," अव्वा त्यांना म्हणाल्या. त्या 'कळवतो' म्हणाल्या नाहीत. दुसरंही काही म्हणाल्या नाहीत. अण्णांना काय समजावं कळेना, ते तसेच हात जोडून राहिले.

इंजिनानं शिट्टी दिली. अव्वा माझ्या खिडकीशी आल्या आणि काहीतरी बोलल्या. मी डावीकडच्या कडेला बसले होते, त्या माझ्या डाव्या खांद्याशी उभ्या होत्या, गाडीचा आवाज होता. मला फक्त ओठ हललेले दिसले. मी घाबरून आत्याकडं पाहिलं.

अव्वांच्या ध्यानात आलं. त्या कपाळाला हात लावून गर्दीतून वाट काढत डब्यात चढल्या, बाकांमधून आत आल्या, आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन वाकल्या. गाडीनं पहिला हिसका दिला, तरी त्यांनी घाई केली नाही.

"शालू कुठल्या रंगाचा घ्यायचा, म्हणून विचारत होते," त्या म्हणाल्या.

"हिरवा," मी म्हणाले.

डब्यातली सगळी माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. समोर आत्यानं पदर सारखा केला.

"हिरवा," मी पुन्हा तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले.